‘ब्लेसेड इज द मॅच’ आणि हाना सेनेश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा माहितीपट कोणाविषयी आहे?

हाना सेनेश ही बुडापेस्टमध्ये १७ जुलै १९२१ रोजी जन्मलेली ज्यू मुलगी. वयाच्या अठराव्या वर्षी ती एकटी, तेव्हा ब्रिटिशांच्या अमलाखाली असलेल्या पॅलेस्टाईनला गेली आणि तिथे शेती शिकली. पुढे ब्रिटिश सैन्याकडून छत्रीसैनिकाचे प्रशिक्षण घेऊन मार्च १९४४ मध्ये ती युगोस्लाव्हियात उतरली आणि ज्या हंगेरीतून पावणेपाच वर्षांपूर्वी बाहेर पडली होती, त्याच हंगेरीत पायी सरहद्द ओलांडून परतली. सरहद्दीपलीकडे पाऊल टाकताच ती पकडली गेली. पाच महिने तुरुंगात काढल्यावर ७ नोव्हेंबर १९४४ रोजी बुडापेस्टमध्येच तिला गोळ्या घालण्यात आल्या. तेव्हा तिला तेविसावे वर्ष पूर्ण होऊन चार महिनेही झाले नव्हते.

माहितीपट कोणी आणि कधी केला?

रोबर्टा ग्रॉसमन या अमेरिकन दिग्दर्शिकेने २००८ मध्ये तो पूर्ण केला. लेखन सोफी सारटेन यांचे आहे, तर निवेदनाचा आवाज अभिनेत्री जोन ॲलन यांचा आहे. हा आवाज त्रयस्थ निवेदकाचा नाही. तो हानाची आई कातालिन यांचा आवाज म्हणून येतो आणि त्यांनी मुलीविषयी लिहून ठेवलेल्या आठवणींवर आधारलेला आहे. माझ्या मते या माहितीपटाचे सारे बळ या एका निर्णयात आहे, आणि त्याविषयी पुढे अधिक लिहिले आहे. इतिहासकार मार्टिन गिल्बर्ट, इस्रायलचे नेते शिमॉन पेरेस आणि हानाच्या बरोबरीच्या छत्रीसैनिकांच्या मुलाखतीही त्यात आहेत.

शीर्षकाचा अर्थ काय?

‘मॅच’ म्हणजे इथे सामना नव्हे, आगकाडी. मे १९४४ मध्ये युगोस्लाव्हियात असताना हानाने हिब्रू भाषेत चार ओळींची एक कविता लिहिली आणि हंगेरीकडे निघताना ती आपला सहकारी रूवेन दाफनी याच्या हाती दिली. स्वतः जळून ज्योत पेटवून देणारी आगकाडी धन्य होय, असा तिचा आशय आहे. मराठीत हे शीर्षक आणताना थोडी पंचाईत होते. ‘काडी टाकणे’ आणि ‘काडी लावणे’ हे आपल्याकडे भांडण पेटवण्याचे वाक्प्रचार असल्यामुळे नुसते ‘धन्य ती काडी’ म्हटले तर वाचकाच्या ओठांवर हसू येईल. ‘आगकाडी’ हा शब्द पूर्ण लिहिणेच बरे.

तिच्या नावाचा उच्चार नेमका कसा करायचा?

हंगेरियन भाषेत आडनाव ‘सेनेश’ असे उच्चारले जाते. घरात तिला ‘अनिको’ म्हणत. ‘हाना’ हे हिब्रू रूप पुढे रूढ झाले. इंग्रजी पुस्तकांतील वर्णलेखनामुळे मराठीत ‘हन्ना’, ‘सेनेस’, ‘झेनेश’ अशी रूपे दिसतात, परंतु मूळ उच्चाराला ‘हाना सेनेश’ हेच सर्वांत जवळचे आहे.

सुखवस्तू घरातली मुलगी देश सोडून का गेली?

माहितीपटाचा पहिला भाग याच प्रश्नावर उभा आहे आणि घाईने पाहणाऱ्या प्रेक्षकाकडून नेमका हाच भाग दुर्लक्षिला जातो. हानाचे वडील बेला सेनेश हे बुडापेस्टमधले लोकप्रिय नाटककार आणि पत्रकार होते. १९२७ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा हाना सुमारे सहा वर्षांची होती. घर धार्मिक वळणाचे नव्हते. हे कुटुंब स्वतःला आधी हंगेरियन मानणारे होते. हानाला ज्या मुलींच्या शाळेत घातले ती प्रॉटेस्टंट पंथाची होती. तिथे कॅथलिक मुलींकडून दुप्पट आणि ज्यू मुलींकडून तिप्पट शुल्क घेतले जाई. हाना इतकी हुशार होती की तिच्या शुल्कात पुढे सवलत मिळाली, पण शाळेच्या साहित्य मंडळावर तिची निवड झाली तेव्हा ती ज्यू आहे या कारणावरून ते पद तिला नाकारण्यात आले.

हा प्रसंग १९३७ मधला आहे. पुढच्याच वर्षी हंगेरीच्या संसदेने पहिला ज्यूविरोधी कायदा केला. त्याने व्यापार आणि व्यवसायांतील ज्यूंच्या प्रमाणावर मर्यादा घातली आणि १९३९ च्या दुसऱ्या कायद्याने ती मर्यादा आणखी आवळली. हे सारे नाझी सैन्याने हंगेरी ताब्यात घेण्यापूर्वीचे आहे, हे ध्यानात ठेवावे. जर्मन सैन्य आले ते १९ मार्च १९४४ रोजी. त्याआधीची सहा वर्षे हंगेरीचे स्वतःचे सरकार आपल्या ज्यू नागरिकांची कोंडी करीत होते. तेराव्या वर्षापासून हाना रोजनिशी लिहीत होती. ऑक्टोबर १९३८ मध्ये आपण झायनवादी, म्हणजे पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचे स्वतःचे राष्ट्र व्हावे असे मानणारी, झाल्याचे तिने त्यात नोंदवले आणि ती हिब्रू शिकू लागली. ही घोषणा रागाच्या भरातली नव्हती. ज्या समाजाने आपल्याला दाराबाहेर उभे केले त्याच्या दारावर डोके आपटत राहण्यापेक्षा स्वतःचे घर बांधावे, असा विचार त्यामागे होता. सप्टेंबर १९३९ मध्ये, युरोपात युद्ध सुरू झाले त्याच महिन्यात, ती पॅलेस्टाईनला पोहोचली. आई बुडापेस्टमध्येच राहिली.

पॅलेस्टाईनमध्ये तिने काय केले?

नहलाल येथील मुलींच्या कृषिशाळेत ती दोन वर्षे होती आणि १९४१ मध्ये कैसरियाजवळ समुद्रकाठच्या स्दोत याम या किबुत्झमध्ये दाखल झाली. किबुत्झ म्हणजे जमीन, उत्पन्न आणि स्वयंपाकघर सामायिक असलेली वसाहत. नाटककाराची मुलगी तिथे कपडे धूत होती, स्वयंपाकघरात राबत होती, आणि आपली बुद्धी वाया जात असल्याची खंतही रोजनिशीत नोंदवत होती. माहितीपट हा असंतोष लपवत नाही, ही त्यातली मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट. कैसरियाच्या किनाऱ्यावरून चालताना सुचलेली तिची एक छोटी प्रार्थनावजा कविता नोव्हेंबर १९४२ मधली आहे. वाळू, समुद्र, पाण्याची सळसळ, आकाशातली वीज आणि माणसाची प्रार्थना या गोष्टी कधी संपू नयेत, एवढेच मागणे तिच्यात आहे. दाविद झहावी यांनी तिला चाल लावली, चालीच्या सोयीसाठी ‘एली’ म्हणजे ‘माझ्या देवा’ हा पहिला शब्द दोनदा घेतला, आणि आज इस्रायलमध्ये ‘एली, एली’ या नावाने ती घराघरांत ठाऊक आहे.

ब्रिटिशांनी एका तरुणीला शत्रूच्या प्रदेशात का पाठवले?

या मोहिमेला दोन धनी होते आणि दोघांचे हेतू वेगळे होते. शत्रूच्या प्रदेशात पडलेल्या मित्रराष्ट्रांच्या वैमानिकांना बाहेर काढणे, भूमिगत लढवय्यांशी बिनतारी संपर्क ठेवणे आणि माहिती मिळवणे हा ब्रिटिशांचा हेतू होता. त्यासाठी त्या त्या देशाची भाषा मातृभाषेसारखी बोलणारी माणसे त्यांना हवी होती. पॅलेस्टाईनमधल्या ज्यू नेतृत्वाला मात्र युरोपातल्या आपल्या माणसांपर्यंत कसेही करून पोहोचायचे होते. पुढे आलेल्या अनेक स्वयंसेवकांतून निवडलेल्या तिसाहून थोड्या अधिक जणांना प्रत्यक्ष युरोपात पाठवण्यात आले. त्यांतले सात जण मारले गेले.

हानाला इजिप्तमध्ये प्रशिक्षण मिळाले. बिनतारी यंत्र चालवणे आणि सांकेतिक संदेश पाठवणे हे तिचे काम होते. पॅलेस्टाईन सोडण्याच्या सुमारासच तिचा भाऊ गिओरा कित्येक वर्षांनी युरोपातून तिथे येऊन पोहोचला. दोघांना जेमतेम एक दिवस मिळाला, आणि कुठे व कशासाठी जात आहोत हे तिने त्याला सांगितले नाही.

ती पकडली कशी गेली?

मार्चच्या मध्यावर ती युगोस्लाव्हियात उतरली आणि काही दिवसांतच जर्मनीने हंगेरी व्यापला. सरहद्द ओलांडण्याची मूळ आखणी त्यामुळे कोसळली. सुमारे तीन महिने ती जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या टिटोच्या पार्टिझान, म्हणजे गनिमी, लढवय्यांबरोबर डोंगराजंगलांत राहिली. दाफनीला आणखी थांबावे असे वाटत होते, हानाला थांबणे अशक्य झाले होते. त्यामागचे कारण उघड आहे. १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत हंगेरीतून सुमारे ४,३७,००० ज्यूंना आगगाड्यांत कोंबून पाठवले गेले आणि त्यांतले बहुतेक ऑशविट्झ या नाझी मृत्युछावणीत गेले.

जूनच्या सुरुवातीला तिने तीन सोबत्यांसह सरहद्द ओलांडली. त्यांतले दोघे पुढे गेले असता त्यांना हंगेरियन सशस्त्र पोलिसांनी हटकले. एकाने घाबरून स्वतःवर गोळी झाडली, झडतीत बिनतारी यंत्राचा कानाला लावायचा भाग सापडला, आणि शोध घेत शिपाई हानापर्यंत पोहोचले. मोहिमेचा प्रत्यक्ष भाग इथेच संपतो. युद्धपटातला थरार पाहायला मिळेल या अपेक्षेने बसलेला प्रेक्षक या ठिकाणी हिरमुसला होतो, आणि माहितीपटाची खरी कथा नेमकी इथून सुरू होते.

आई आणि मुलगी तुरुंगात कशा भेटल्या?

चौकशी करणाऱ्यांना बिनतारी संदेशांची सांकेतिक कळ हवी होती. ती हाती लागली असती तर त्यांना हानाच्या नावाने खोटे संदेश पाठवून ब्रिटिशांची विमाने आणि माणसे सापळ्यात ओढता आली असती. मारहाण झाली, एक दात पडला, पण तिने कळ सांगितली नाही.

१७ जून रोजी कातालिन यांना बुडापेस्टमधल्या घरातून बोलावून नेण्यात आले. मुलगी कुठे आहे असे विचारल्यावर त्यांनी पूर्ण खात्रीने सांगितले की ती पॅलेस्टाईनमध्ये शेतीच्या वसाहतीत सुखरूप आहे. मग दार उघडले आणि चार माणसांनी धरून आणलेली, सुजलेल्या डोळ्यांची आणि विस्कटलेल्या केसांची हाना आत आली. तिने आईला मिठी मारली आणि क्षमा मागितली. मुलगी बोलली नाही तर आईचे हाल केले जातील, ही धमकी दोघींच्याही समोर होती. कातालिन यांना त्याच दिवशी अटक झाली. हाना तेव्हाही बोलली नाही.

या प्रसंगाकडे कसे पाहावे याविषयी प्रेक्षक पुष्कळदा विचारतात. आईचा जीव पणाला लावण्याचा अधिकार तिला होता का? माहितीपट याचे उत्तर देत नाही, आणि निवेदन आईच्याच आवाजात असल्यामुळे तसे उत्तर देण्याची गरजही उरत नाही. ज्यांचा जीव पणाला लागला होता त्याच बोलत आहेत, आणि त्यांच्या सांगण्यात तक्रारीचा सूर नाही.

पुढचे काही आठवडे दोघी एकाच तुरुंगात होत्या. हाना खिडकीत आरसा धरून उजेडाच्या तिरिपेने खुणा करी. कागदातून मोठी अक्षरे कापून एकेक करून काचेशी धरी, काचेवरच्या धुळीत बोटाने दाविदाचा तारा हे ज्यूंचे चिन्ह काढी. कोठडीत तिने कागदाच्या बाहुल्या केल्या, बरोबरच्या कैद्यांना शिकवले, पॅलेस्टाईनविषयी सांगितले. सप्टेंबरमध्ये आईची सुटका झाली.

माहितीपटातले प्रसंग खरे चित्रित केलेले आहेत की अभिनीत?

हानाची छायाचित्रे भरपूर आहेत. वडील नाटककार आणि घर हौशी असल्यामुळे बालपणापासूनचे अल्बम उपलब्ध होते. परंतु तुरुंग, सरहद्द किंवा पॅराशूटची उडी यांचे मूळ चित्रण असणे शक्यच नाही. हे भाग नटांकडून अभिनीत करून घेतले आहेत. माहितीपटाच्या कट्टर रसिकांना अशी मिसळण रुचत नाही आणि काही ठिकाणी, विशेषतः पार्टिझानांच्या दृश्यांत, मलाही ती जरा गुळगुळीत वाटली. तुरुंगातल्या प्रसंगांत मात्र दृश्ये आईच्या लिखित आठवणींना धरून चालतात, त्यामुळे तिथे तक्रारीला फार जागा नाही. याच विषयावर मेनाहेम गोलान यांचा १९८८ चा कथापटही आहे. दोन्ही एकमेकांत मिसळून सांगण्याची चूक अनेकदा होते.

खटला कोणत्या आरोपाखाली चालला?

हाना ब्रिटिशांच्या वतीने आली होती, तरी हंगेरीच्या दृष्टीने ती हंगेरियन नागरिक होती, म्हणून तिच्यावर देशद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. खटला २८ ऑक्टोबर १९४४ रोजी उभा राहिला. त्याआधी १५ ऑक्टोबरला ॲरो क्रॉस या फॅसिस्ट पक्षाने सत्ता बळकावली होती आणि दुसऱ्या बाजूने सोव्हिएत फौजा जवळ येत होत्या. न्यायाधीशांनी निकाल काही दिवसांसाठी लांबणीवर टाकला. तो निकाल रीतसर जाहीर झालाच नाही. ७ नोव्हेंबरला कॅप्टन द्युला शिमोन हा लष्करी अधिकारी तिच्या कोठडीत आला आणि दयेचा अर्ज करायचा आहे का असे त्याने विचारले. तिने नकार दिला. गोळ्या झाडण्यापूर्वी डोळ्यांवर पट्टी बांधून घेण्यासही तिने नकार दिला. कातालिन त्या सकाळी त्याच इमारतीत होत्या. मुलीला भेटण्याची परवानगी मिळावी म्हणून त्या शिमोनचीच वाट पाहत बसल्या होत्या, आणि शिक्षा अमलात आल्याचे त्यांना त्याच्याच तोंडून कळले.

जवळजवळ अर्धशतकाने, नोव्हेंबर १९९३ मध्ये, हंगेरीच्या लष्करी न्यायालयाने हानाला निर्दोष ठरवले.

तिने एकाही माणसाला वाचवले नाही, मग ती वीरांगना कशी?

हा प्रश्न इस्रायलमध्येही पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे, आणि तो विचारणे असभ्यपणाचे नाही. लष्करी हिशेबाने पाहिले तर हानाची मोहीम अपयशी होती. बिनतारी यंत्र एकदाही वापरले गेले नाही. ती हंगेरीत पोहोचली तोवर ग्रामीण भागातल्या ज्यूंची रवानगी निम्म्याहून पुढे सरकली होती. काही टीकाकारांचे म्हणणे असे की, नव्या राष्ट्राला लढणाऱ्या ज्यूची प्रतिमा हवी होती, म्हणून तरुण, सुंदर, कविता लिहिणारी हाना पुढे आली आणि तिच्याबरोबर गेलेले बाकीचे झाकोळले. या म्हणण्यात तथ्य आहे. हवीवा रायक स्लोव्हाकियात गेली, तिथल्या उठावाच्या काळात तिने प्रत्यक्ष मदतकार्य केले आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये ती मारली गेली. तिचे नाव इस्रायलबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. सारा उर्फ सुरिका ब्रेव्हरमन हिला विमानातून उडी मारणे शेवटपर्यंत जमले नाही. ती जमिनीवर उतरलेल्या विमानातून युगोस्लाव्हियात पोहोचली, परत आली आणि पुढे इस्रायली सैन्यात स्त्रियांचे दल उभारणाऱ्यांत तिचा वाटा होता. या दोघींवर स्वतंत्र माहितीपट निघायला हवेत असे मला प्रामाणिकपणे वाटते.

असे असूनही एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. हाना बोलली असती तर किती जण पकडले गेले असते, हा आकडा कोणत्याही रकान्यात मांडता येत नाही. तिचे कर्तृत्व करण्यात नव्हते, न सांगण्यात होते.

या कथेत कास्टनर यांचे नाव का येते?

रेज्यो कास्टनर हे बुडापेस्टमधील ज्यू मदत समितीचे नेते होते. माणसे वाचवण्यासाठी त्यांनी ज्यूंच्या रवानगीची सूत्रे हलवणारा नाझी अधिकारी आइखमन याच्याशी वाटाघाटी केल्या आणि सुमारे १,७०० ज्यूंना घेऊन एक आगगाडी बाहेर काढली. हानाचे दोन सहकारी, योएल पाल्गी आणि पेरेत्स गोल्डस्टाईन, बुडापेस्टमध्ये त्यांच्यापर्यंत पोहोचले होते आणि शेवटी दोघेही जर्मनांच्या हाती लागले. मुलीला वाचवण्यासाठी कातालिन यांनी कास्टनर यांची भेट घेण्याचा प्रयत्न केला होता, पण ती झाली नाही. युद्धानंतर इस्रायलमध्ये कास्टनर यांच्या वर्तनावरून गाजलेला खटला चालला, त्यात कातालिन यांनी साक्ष दिली. १९५५ च्या निकालात न्यायाधीशांनी कास्टनर यांच्यावर कठोर ताशेरे ओढले. मार्च १९५७ मध्ये त्यांची हत्या झाली आणि १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बव्हंशी फिरवला. हे प्रकरण स्वतंत्र अभ्यासाचे आहे. हाना सेनेशच्या आईची साक्ष एवढ्या धाग्यावरून त्याविषयी अंतिम मत बनवू नये.

मराठी प्रेक्षकाला हा माहितीपट समजायला काही पूर्वतयारी लागते का?

थोडी लागते. मराठी मनातला ज्यू म्हणजे प्रामुख्याने कोकणातला बेने इस्रायली : नौगावच्या किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांची परंपरा सांगणारा, शनिवारी घाणा बंद ठेवणारा म्हणून ‘शनवार तेली’ म्हटला गेलेला, घरात मराठी बोलणारा. या समाजाला इथे धर्मामुळे छळ सोसावा लागला नाही. त्यामुळे शाळेच्या तिप्पट शुल्काचा किंवा निवडून आल्यावर पद नाकारण्याचा प्रसंग आपल्याला एखादा अपवाद वाटण्याची शक्यता आहे. तो अपवाद नव्हता. तीच हंगेरीतली रीत होती, हे ध्यानात ठेवून पाहावे. हंगेरीच्या कायद्यांचा वर दिलेला क्रम आणि १९४४ चे महिने एवढे माहीत असले तरी पुरे.

मुलांना दाखवावा का?

आठवी-नववीपासून पुढच्या मुलांना दाखवायला हरकत नाही. पडद्यावर रक्तपात फार नाही, परंतु आई-मुलीच्या भेटीचा प्रसंग कोवळ्या मनाला जड जातो. त्यामुळे सोबत मोठे माणूस असावे.

हानाच्या मृत्यूनंतर तिच्या माणसांचे आणि लेखनाचे काय झाले?

कातालिन यांनाही त्या हिवाळ्यात ऑस्ट्रियाच्या दिशेने सक्तीने पायी नेण्यात येत होते. त्या त्यातून निसटल्या, युद्ध संपल्यावर पॅलेस्टाईनला मुलाकडे गेल्या आणि १९९२ पर्यंत जगल्या. हानाचे अवशेष १९५० मध्ये इस्रायलला आणून जेरुसलेमच्या हर्झल टेकडीवर पुरण्यात आले. बुडापेस्टमधल्या तिच्या कबरीवरचा दगड २००७ मध्ये स्दोत यामला नेण्यात आला.

किबुत्झमधल्या तिच्या खाटेखाली एक सूटकेस सापडली होती. रोजनिशी, कविता आणि कागदपत्रे तिच्यात होती, आणि त्यांतूनच १९४६ मध्ये तिचे लेखन हिब्रूत प्रसिद्ध झाले. आईच्या हाती मात्र मुलीचे कपडे आले. त्यांच्या खिशात आईसाठी लिहिलेली एक चिठ्ठी होती आणि कोठडीची लांबी-रुंदी पावलांनी मोजणारी एक कविता.